दोन इंजिनांच्या बोटीला पंखे कोणते?

(वार्षिक संमेलनातील भाषण)



जळगाव-धुळ्याला समुद्र नाही, तेव्हा हे मास्तर बोटीवर काय बोलणार, असे आपणांस वाटेल. परंतु 1 जुलै 1998 पर्यंत आपल्याच धुळे जिल्ह्यात असलेल्या अक्कलकुवा व धडगाव भागात, मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावांना आज सरदार सरोवराचे पाणी भिडलेले आहे. तेथील कित्येक पाड्यांचा रस्ता म्हणजे बोट, आणि रोग्यालाही बोटीतूनच न्यावे लागते.

वर्गात एका मुलाने विचारले, "सर, दोन इंजिने लावली की वेग दुप्पट होणार ना?" नाही. पाण्याचा विरोध वेगापेक्षा फार झपाट्याने वाढतो. दुसरे इंजिन खरे उपयोगी पडते ते पहिले बंद पडल्यावर. आणि ते उपयोगी पडेल की नाही, हे पुष्कळसे पंख्यावर ठरते.

पंख्यावर दोन आकडे असतात, व्यास आणि पिच. स्क्रू लाकडात एका फेऱ्यात जितका आत जातो, तसा पंखा एका फेऱ्यात जितका पुढे जायला हवा, ते पिच. इंजिन मिनिटाला 5000 फेरे घेते, गिअरमुळे पंखा 2500 घेतो आणि पिच 16 इंच आहे, असे समजा. गुणाकार केला तर ताशी सुमारे 61 किलोमीटर येतात. पण पाणी लाकडासारखे घट्ट नाही. 15 टक्के घसरण धरली तर 52 च्या आसपास राहतात.

मग पिच वाढवले की वेग वाढेल, असा मोह होतो. येथेच फसगत आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ट्रक आहेत. बिजासन घाटात भरलेला ट्रक वरच्या गिअरमध्ये रेटला तर काय होते, ते ड्रायव्हर मंडळींना सांगायला नको. जास्त पिच म्हणजे तोच वरचा गिअर. म्हणून बोटीत नेहमीइतकी माणसे व सामान भरून, पूर्ण थ्रॉटल देऊन, फेरे मोजण्याच्या यंत्रावर पाहावे. कारखान्याने 5000 ते 6000 फेरे सांगितले असताना इंजिन 4600 वरच अडकले, तर पिच जास्त आहे. एक इंच कमी केल्यास साधारण 150 ते 200 फेरे वाढतात. म्हणजे येथे 3 इंच कमी करून पुन्हा चाचणी घ्यावी. रिकाम्या बोटीवर घेतलेली चाचणी म्हणजे परीक्षेत पाहून लिहिलेले उत्तर!

दोन्ही पंखे सारख्या मापाचे, पण उलट फिरणारे असावेत. मागून पाहता बहुधा उजवा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, डावा उलट. दोन्ही एकाच दिशेने फिरले तर बोट एका बाजूला ओढते.

आता एक इंजिन बंद पडले असे धरा. सगळा भार दुसऱ्यावर येतो, शिवाय थांबलेला पंखा पाणी अडवतो. कालपर्यंत योग्य असलेले पिच त्या क्षणी जास्त ठरते. अशा वेळी घाबरून पूर्ण थ्रॉटल देऊ नये. फेरे वाढत नसतील तर थ्रॉटल कमी करून सावकाश काठ गाठावा. बोट चालू करण्यापूर्वीच, पूर्ण भार घालून, एकेका इंजिनावर ती चालवून पाहिलेली असावी. माझ्या मते प्रवाशाने बोटवाल्याला हे विचारण्यात कसलाही संकोच धरू नये.

जाता जाता एक बारीकशी गोष्ट. पुष्कळजण जादा पंखा एकच ठेवतात, आणि नेमका दुसऱ्या बाजूचा दगडावर आपटून वाकतो. उलट दिशेचा पंखा तेथे चालत नाही. म्हणून दोन्ही दिशांचा एकेक पंखा, पिना आणि पाना बोटीतच असू द्यावा.