चेहऱ्याला लिंबू: लावायचं की नाही?

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीतील भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत दोन गटांनी विचारलं, लिंबाचा फेसपॅक करून विकायचा का? म्हणून आज लिंबावरच बोलते.

तोंडावर वांग आले की आपण आधी लिंबू कापतो. दारचं आहे, त्यानं काय अपाय होणार, असं वाटतं. पण आम्ल मोजायच्या पट्टीवर लिंबाचा रस २ ते ३ वर येतो, आणि आपली निरोगी कातडी साधारण ५ वर. आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त. म्हणून रस लावला की चुणचुणतं. ते गुण येतोय म्हणून नाही, कातडीला त्रास होतोय म्हणून.

दुसरी गोष्ट उन्हाची. लिंबात, त्यातही सालीत, अशी द्रव्यं असतात की ती कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखं होतं. लगेच कळत नाही. एक-दोन दिवसांनी लाली येते, कधी फोड येतात, मग काळे डाग पडतात. ते जायला महिने लागू शकतात. सकाळी लिंबू चोळून खुरपणीला गेलं, तर डाग जायच्या ऐवजी वाढायचे! लोणच्याची लिंबं चिरल्यावरसुद्धा हात साबणानं धुऊनच उन्हात जा.

मग करायचं काय? लिंबू जेवणात आणि सरबतात घ्या. चेहऱ्याला बेसन, मसूरपीठ, दही पुरे. तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. वांगांना खरा आधार म्हणजे ऊन टाळणं. रानात जाताना तोंडाला रुमाल बांधा, आणि डाग वाढत असतील तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आता विक्रीचं. चेहऱ्याला लावायची वस्तू बनवून विकायची तर सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे परवाना लागतो. आपल्या राज्यात त्याची चौकशी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करायची. परवाना हातात येईपर्यंत कच्चा माल, डब्या, लेबलं यांवर गटाचा पैसा घालू नका. आणि ताजा रस किंवा सालीची पूड घातलेला पॅक तर नकोच. एका गिऱ्हाइकाचं तोंड भाजलं, तर नाव साऱ्या गटाचं जातं.

आपल्या मालावर गावाचा विश्वास आहे. तो जपूनच धंदा करू.