परीक्षेचे गुण आणि कामाचा दाखला

(वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणावरून)



आपल्या वडनेरची पुष्कळ मुले पदवी हाती पडताच कामाला लागतात. कोणी हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहितो, कोणी ट्रान्सपोर्टच्या कचेरीत बसतो. घरची परिस्थितीच तशी असते. अशा मुलाने नोकरी सांभाळून एमबीए करायचे ठरविले की त्याचे वडील मला विचारतात, "मास्तरसाहेब, पाच वर्षे काम केले, आता पुन्हा परीक्षा कशाला?"

प्रश्न रास्त आहे. वर्धेला कर्मभूमी केलेल्या जमनालाल बजाज यांच्या नावाची व्यवस्थापन संस्था मुंबई विद्यापीठाने 1965 साली काढली. तेथे नोकरदारांसाठी तीन वर्षांचे अर्धवेळ अभ्यासक्रम चालत आले आहेत. अशा वर्गात बँकेतला अधिकारी आणि कारखान्यातला सुपरवायझर शेजारी बसतात व एकमेकांकडून शिकतात. ज्याने कधी गिऱ्हाईक सांभाळले नाही, तो तेथे नुसता ऐकत राहणार. म्हणून अनुभवाला वजन हवेच. अमेरिकेत तर 2020 च्या कोविड साथीनंतर अनेक विद्यापीठांनी अनुभवी अर्जदारांना चाचणी माफ केली.

तरीही चाचणी पुरती काढून टाकावी, असे मला वाटत नाही. मामाच्या फर्मचे पत्र दोन ओळींत मिळते. दुकानाची पायरी न चढलेला मुलगा त्यात मॅनेजर होतो! चाचणीचे गुण मात्र कोणताही मामा देऊ शकत नाही. ज्याची कोठे ओळखपाळख नाही, त्याची बाजू मांडणारा तेवढाच एक कागद असतो. शहरातल्या मुलाला क्लास आणि इंग्रजी यांचा फायदा मिळतो, हे खरे. पण त्यावर सराव हा उपाय आहे. ओळख नसण्यावर कोणता उपाय?

येथे पालकांची एक गैरसमजूत दूर करतो. कॅट परीक्षेतले 90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के गुण नव्हेत. शंभरांतले सुमारे नव्वद जण आपल्या मागे राहिले, एवढाच त्याचा अर्थ. कॅटचा निकाल एकाच वर्षाच्या प्रवेशाला चालतो, जीमॅटचा पाच वर्षे. नोकरी करणाऱ्याने हा फरक पाहूनच फी भरावी.

आता आपल्या मुलांचे खरे दुखणे. माझ्या माहितीतला एक तरुण सात वर्षे कापूस खरेदीचे काम पाहत होता. भावाचा अंदाज इतका अचूक की मालक त्याला विचारल्याशिवाय सौदा करीत नसे. मुलाखतीत पगाराचा पुरावा मागितला, तेव्हा त्याच्याजवळ काहीच नव्हते. पगार रोख हातात, भविष्यनिर्वाह निधी नाही, नेमणुकीचे पत्र नाही. सात वर्षे कागदावर शून्य झाली. मालकाने नंतर पत्र दिले, पण मुदत टळली होती.

तेव्हा मुलांनो, पगार बँकेत मागा. नेमणुकीचे पत्र मागताना लाजू नका. आणि अब्बांच्या दुकानात बसणाऱ्यांनो, दुकानाची नोंदणी व आयकराचे विवरणपत्र वेळेवर करा. तुमचे कामही कामच आहे. त्यात तुम्ही काय केले, उधारी कशी वसूल केली, माल कसा वाचविला, हे एका पानावर लिहून काढा. मुलाखतीत तेच विचारतात.

सभा संपल्यावर मी येथेच थांबणार आहे. जुन्या प्रश्नपत्रिका सोबत आणल्या आहेत. ज्यांना दोन तास बसून सोडवून पाहायच्या असतील, त्यांनी मागच्या वर्गात यावे.