बाईंची यादी



दोनच मिनिटं दिली आहेत, म्हणून एका अल्बमबद्दल सांगते. अमेरिकेतले नामवंत गायक जॉनी कॅश यांची मुलगी रोझॅन १८ वर्षांची असताना त्यांच्याबरोबर दौऱ्यावर होती. कितीतरी जुनी कंट्री गाणी तिला ठाऊकच नाहीत, हे पाहून वडिलांनी १०० गाण्यांची यादी लिहून दिली. ही १९७३ची गोष्ट. पुढे रोझॅनने स्वतःची वाट धरली, कंट्रीत रॉक मिसळून नाव कमावलं. यादी मात्र जपली. २००३ मध्ये वडील गेले. २००९ मध्ये तिने त्या यादीतली १२ गाणी स्वतःच्या आवाजात काढली. अल्बमचं नाव ‘द लिस्ट’.

ऑफिसला जाताना मी तो ऐकते आणि दरवेळी बाई आठवतात. दहावीच्या निरोप समारंभाला त्यांनी मला वहीच्या पानावर पुस्तकांची यादी लिहून दिली होती. ‘इंजिनिअर झालीस तरी वाच,’ म्हणाल्या होत्या. ते पान मी हॉस्टेलवर हरवलं. आज लोकांच्या डेटाचा बॅकअप सांभाळते, पण त्या पानाची प्रत माझ्याकडे नाही.

बाई, आज वही घेऊन आले आहे. पुन्हा लिहून द्याल?