ट्रॉलीला ब्रेक कोणता?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून उसाच्या भावावर बोलणं झालं, काट्यावर झालं, थकलेल्या बिलांवर झालं. आता आम्ही ट्रॉलीच्या ब्रेकवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत हशा झाला. हसा. संघटनेनं ब्रेकवर बोलायचं तर उद्या पंक्चरवरही ठराव येईल, असं कुणी म्हणेल. पण आमचं ऐकून घ्या आणि मग हसा.

गेल्या हंगामातली गोष्ट. आपल्याच एका कार्यकर्त्याचा मुलगा दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन ओढ्याच्या पुलाकडं उतरत होता. पहाटेची वेळ, रस्ता दवानं ओला, वर पाचट सांडलेलं. पुलावर बैलगाडी दिसली म्हणून त्यानं ब्रेक दाबला. ट्रॅक्टरची मागची चाकं जाम झाली, मागून दोन ट्रॉल्यांचा रेटा आला आणि ट्रॅक्टर रस्त्यात आडवा झाला. पहिली ट्रॉली त्याच्यावर चढली. पोरगा वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली गेला. टोळीतले दोघं उसावर बसून चालले होते. त्यातला एक गावाकडं परत गेला नाही.

आम्ही काय केलं? शोकसभा घेतली, भरपाईसाठी मोर्चा काढला. कागदावर लिहून आलं, ‘चालकाचा ताबा सुटला’. तेरावं झाल्यावर आम्ही त्या ट्रॉलीखाली वाकून पाहिलं. दोन ॲक्सल, चार चाकं, जाड पाटे, आणि ब्रेक एकही नाही. मागच्या ट्रॉलीलाही नाही. मग ताबा सुटला म्हणजे काय? ताबा होताच कुठं?

आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसं. कॉलेजात ट्रॅक्टर शिकलो. किती अश्वशक्तीला किती ओढ, नांगराला किती लागते, हूक कोणत्या उंचीला असावा, सगळं शिकलो. ओढलेलं थांबवायचं कसं, यावर परीक्षेत प्रश्न आल्याचं आठवत नाही. म्हणून हा हिशेब आम्ही पन्नाशी जवळ आल्यावर केला. तो साधा आहे, चौथी पास माणसालाही कळेल.

ट्रॅक्टर दोन टनांचा. त्याचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना. त्या चाकांवर वजन फार तर दीड टन. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायर आपल्यावरच्या वजनाच्या साधारण ६० टक्के पकड धरतो. म्हणजे ब्रेक कितीही ताकदीचा असला, लायनर कितीही नवे असले, तरी रोखायची ताकद ९०० किलोच्या वर जाणार नाही. त्यापुढं चाक जाम होतं आणि घसरतं. आता मागचं वजन धरा. ऊस १० टन, ट्रॉली २ टन, असे १२. दोन ट्रॉल्यांचे २४. ट्रॅक्टर धरून २६ टन. टायर आपणहून जो अडथळा करतात तो अर्धा टन धरू. म्हणजे २६ टनांना रोखायला १४०० किलो. ताशी २५ किलोमीटर वेगानं चाललेली ही गाडी सपाट, कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून ४५ मीटरवर थांबते. पाय ब्रेकवर जाईपर्यंत आणखी सात मीटर गेलेले असतात.

हे सपाटीवर. उतार आला की बघा. वीस फूट पुढं गेल्यावर एक फूट खाली, एवढाच उतार. ओढ्यानाल्यांच्या पुलाकडं जाताना असले उतार आपण रोज उतरतो, त्याला घाट म्हणतही नाही. त्या उतारावर २६ टन वजन खाली ओढतं १३०० किलोनं, आणि रोखायला आपल्याजवळ १४०० किलो. जेमतेम बरोबरी. गाडी अर्धा किलोमीटर गेली तरी थांबायची नाही. रस्ता ओला असला आणि पाचट पडलेलं असलं तर टायरची पकड ४० टक्क्यांवर येते. मग रोखणारी ताकद ११०० किलो आणि ओढणारी १३००. म्हणजे ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही वेग वाढत जातो. त्या पोराच्या ड्रायव्हिंगमध्ये खोट नव्हती, त्या वजाबाकीत होती.

कुणी म्हणेल, गिअरमध्ये उतरवावं. उतरवावंच. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणारे आणि वर डेक मोठा लावणारे आमच्या ओळखीचे आहेत, ते इथं बसलेले आहेत. पण लक्षात घ्या, इंजिनाचा रोध जातो तो त्याच मागच्या दोन चाकांतून. पकडीची मर्यादा तीच. दोन पायडलांचं कुलूपही तसंच. शेतात वळण्यासाठी डावा-उजवा ब्रेक वेगळा ठेवतो, रस्त्यावर कुलूप घालायला विसरतो, आणि एकच बाजू लागली की ट्रॅक्टर फिरतो. कुलूप घाला, पण त्यानं ९०० किलोचे हजार होत नाहीत.

उपाय एकच. ज्यानं वजन वाहायचं त्याच चाकानं ते रोखायचं. ट्रॉल्यांच्या आठही चाकांना ब्रेक असला आणि त्यांनी आपल्यावरच्या वजनाच्या पाव हिश्शानं रोखलं, तर तीच २६ टनांची गाडी सपाटीवर नऊ मीटरमध्ये थांबते, त्याच उतारावर दहा-अकरा मीटरमध्ये. ४५ कुठं आणि ९ कुठं!

मग ब्रेक कोणता? इथं तरुण मंडळींनी मोबाइलवरची चित्रं दाखवली. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात मोटारीमागं घोड्यांचा ट्रेलर, राहायचा ट्रेलर ओढतात, त्याला विजेचा ब्रेक असतो आणि ड्रायव्हरजवळ हाताएवढा डबा, त्याला कंट्रोलर म्हणतात. तो आपल्या ट्रॉलीला का नको, असा प्रश्न आला. प्रश्न चांगला आहे. त्या डब्यानं आम्हाला बरंच शिकवलं, म्हणून त्याच्यावर थोडा वेळ घेतो.

त्या ट्रेलरच्या प्रत्येक ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. १२ व्होल्टचा प्रवाह सोडला की तो फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, ओढला जातो आणि जाताना दांड्यानं ब्रेकचे लायनर फाकवतो. प्रवाह जास्त तर ब्रेक जास्त. तो किती सोडायचा हे कंट्रोलर ठरवतो. त्यात दोन जाती. एक वेळेवर चालणारी. पायडल दाबलं की ठरवून दिलेल्या वेळात प्रवाह चढत जातो, तुम्ही हळू थांबत असा की जिवावर बेतलं म्हणून थांबत असा, त्याला फरक कळत नाही. ही स्वस्त. दुसरी जात वेग किती झपाट्यानं कमी होतोय हे स्वतः मोजते आणि त्या प्रमाणात मागं ब्रेक लावते. तुम्ही हळू, तर ट्रेलर हळू. तुम्ही जोरात, तर तोही जोरात. घ्यायची तर ही दुसरी. दोन्हींवर एक हाताची कळ असते, तिनं एकट्या ट्रेलरचा ब्रेक लावता येतो. मागं ट्रेलर झोकांड्या खायला लागला की पायडलला न शिवता ती कळ दाबतात, ट्रेलर मागं ओढला जाऊन सरळ होतो. जोर किती हवा तेही भरलेल्या वजनाप्रमाणं आधी लावून घ्यायचं असतं. सपाट रस्त्यावर कळ दाबून, चाकं जाम व्हायच्या जरा अलीकडं. आणि ट्रेलरवर एक छोटी बॅटरी असते. हूक तुटला की एक वायर खेचली जाऊन पिन निघते आणि ट्रेलर आपला आपण थांबतो. ऑस्ट्रेलियात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक लागतोच, आणि दोन टनांच्या वर गेला की सगळ्या चाकांना, शिवाय तुटल्यावर आपोआप लागणारा. दोन टनांना! आपण बारा टनांना काही लावत नाही.

तरीही उसाच्या ट्रॉलीला तो डबा घेऊ नका, असंच आम्ही सांगू. बाजारात सहज मिळणारे विजेचे ब्रेक दीड ते तीन-साडेतीन टनांच्या ॲक्सलसाठी बनवलेले असतात. आपल्या ॲक्सलवर सहा टन. शिवाय चार चाकांना दहा-बारा अँपिअर प्रवाह अखंड वायरीतून जायला हवा. आपल्या ट्रॉलीच्या मागच्या लाल दिव्याची वायर हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यात कुठं असते, हे आम्ही सांगायची गरज नाही.

पण त्या डब्यानं तीन प्रश्न विचारायला शिकवले. ब्रेक कुणाचं ऐकतो? वजन कमी-जास्त झालं तर त्याला कळतं का? आणि जोड तुटला तर तो काय करतो? कोणताही दुकानदार कोणताही ब्रेक घेऊन आला, तरी हे तीन प्रश्न विचारा.

वर्कशॉपवाला आधी दाखवील तो रेट्यावर चालणारा ब्रेक. ट्रॉली पुढं रेटली की ड्रॉबार आत सरकतो आणि दांड्यानं ब्रेक लागतो. पाइप नाही, वायर नाही, स्वस्त. पण तो तुमचं ऐकत नाही, रेट्याचं ऐकतो. लांब उतारावर सतत लागलेला राहून ड्रम तापतो आणि तापलेला ब्रेक सोडून देतो. गाडी मागं घेताना कुलूप घालावं लागतं, आणि घातलेलं कुलूप परत काढायचं राहिलं की ब्रेक आहे या भरवशावर तुम्ही बिनब्रेकचे. दोन-तीन टनांच्या शेतातल्या ट्रेलरला चालेल. उसाला नको.

दुसरा तेलाचा. पायडलबरोबर तेलाचा दाब मागं जातो. ताकद भरपूर, वेळही लागत नाही. यात एक गोष्ट नीट पाहा. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या ब्रेकच्या तेलाला टी मारून पाइप मागं नेणारे कारागीर आहेत. तसं करू देऊ नका. मागचा पाइप फुटला तर पुढचाही ब्रेक गेला. मागच्या ब्रेकला वेगळा व्हॉल्व्ह हवा. आणि एकच पाइप असेल तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काही करत नाही’ असं येतं, हे माहीत असू द्या.

तिसरा हवेचा, ट्रकसारखा. इंजिनावर कॉम्प्रेसर, टाकी, आणि मागं दोन पाइप. एक हवा भरणारा, दुसरा हुकूम नेणारा. भरणारा पाइप तुटला की ट्रॉलीच्या टाकीतली हवा आपोआप ब्रेक लावते. वजनाप्रमाणं रिकामी, निम्मी, भरलेली असा खटका बसवता येतो. तो हवाच, नाहीतर परतताना रिकाम्या ट्रॉलीची चाकं जाम होऊन ती आडवी होते. खर्च सगळ्यात जास्त, रोज टाकीतलं पाणी काढायचं काम. पण ट्रकचे ड्रम, लायनर, चेंबर तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजात मिळतात आणि ते दुरुस्त करणारा मिस्त्रीही मिळतो. दोन ट्रॉल्या ओढणाऱ्यानं हाच घ्यावा, असं आमचं मत झालं आहे. तेवढा पैसा नसेल तर एकच ट्रॉली ओढावी आणि तिला तेलाचा लावावा.

पैसा. आता खरी गोष्ट आली. जो एकटा खर्च करील तो दुसऱ्या ट्रॉलीवाल्यासमोर मरेल, कारण दर टनावर आणि अंतरावर आहे, ब्रेकवर नाही. पण वाहतुकीचा दर भरतो कोण? महाराष्ट्रात तोडणी-वाहतूक आपल्या उसाच्या बिलातून कापून घेतात. म्हणजे ती ट्रॉली आपल्या पैशानं चालते. आपल्या पैशानं चालणाऱ्या ट्रॉलीला ब्रेक असावा, हे सांगायला आम्हाला कुठल्या साहेबाची गरज नाही, आणि त्यासाठी सबसिडीही नको. नव्या नियमाचा सोटा घेऊन रस्त्यात ट्रॉल्या अडवणारा आणखी एक माणूस तर अजिबात नको. मागणी एवढीच, की वाहतुकीच्या करारात ब्रेक असलेल्या ट्रॉलीचा दर वेगळा लिहावा आणि ब्रेकचा खर्च हंगामाच्या उचलीत धरावा. टनामागं किती पैसे पडतात ते कारखान्याच्या शेतकी खात्याबरोबर बसून उघड्यावर मोजू. कापायचे तर ते पैसे आमच्या बिलातून कापा, पण कशाचे कापले ते लिहा.

कुणाला आमचा हिशेब खोटा वाटत असेल तर दसऱ्याच्या आत तो रस्त्यावर करून पाहू. प्रत्येक तालुक्यानं रहदारी नसलेला सपाट रस्ता शोधावा, दोन्ही बाजूंनी माणसं उभी करावीत, उसाच्या वजनाएवढी मातीची पोती भरलेली एक ट्रॉली आणावी. दोन नको, एकच. फक्कीची रेघ मारायची, ताशी २५ च्या आत रेघेवर यायचं, ब्रेक दाबायचा आणि टेपनं मोजायचं. ट्रॉलीवर कुणी बसायचं नाही. आपल्या भागातल्या एका ट्रॉलीला हवेचा ब्रेक बसवून झाला आहे, ती आम्ही घेऊन येतो. बिनब्रेकची तुम्ही आणा, ती शोधायला फार लांब जावं लागणार नाही. तालुकाप्रमुखांनी रस्ता आणि दिवस आज उठण्यापूर्वी लिहून द्यावा.