यंत्राचा पत्ता आणि माणसाची ओळख



दिल्लीत नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच महिन्यात एक विद्या शिकून घ्यावी लागते, ती म्हणजे येथील पत्ता वाचण्याची. पुण्यात पेठ सांगितली आणि जवळचा एखादा मारुती सांगितला की काम भागते. येथे सेक्टर, पॉकेट, ब्लॉक आणि सरतेशेवटी घराचा क्रमांक अशी उतरंड असते. रामकृष्णपुरमसारख्या सरकारी वसाहतीत तर आणखी एक गंमत पाहावयास मिळते. क्वार्टरचा क्रमांक तोच राहतो आणि काही वर्षांनी दारावरची पाटी तेवढी बदलते. बदलून गेलेल्या अधिकाऱ्याच्या नावची पत्रे मागाहून कित्येक महिने येत राहतात आणि नवा रहिवासी ती निमूटपणे टपालवाल्याच्या हाती परत देतो. पत्ता घराचा असतो, त्यात राहणाऱ्याचा नसतो, ही गोष्ट सरकारी नोकराला वेगळी शिकवावी लागत नाही.

परंतु संगणकाच्या पत्त्याविषयी बोलू लागताच हेच व्यवहारज्ञान आपल्याला सोडून जाते, असा माझा अनुभव आहे. प्रत्येक संगणकात आणि प्रत्येक फोनमध्ये जाळ्याशी जोडणी करणारा एक भाग असतो आणि त्याला कारखान्यातच एक क्रमांक दिलेला असतो. त्यास मॅक पत्ता म्हणतात. मीडिया ॲक्सेस कंट्रोल या तीन शब्दांची ही आद्याक्षरे. हा क्रमांक दोन-दोन चिन्हांच्या सहा जोड्यांनी लिहितात. चिन्हे शून्य ते नऊ हे दहा अंक आणि ए ते एफ ही सहा अक्षरे, अशी सोळा. ‘हा क्रमांक म्हणजे यंत्राच्या कपाळीची रेघ, ती पुसता येत नाही’, असे पुष्कळ सुशिक्षित मंडळी समजतात. वस्तुतः ती पुसण्याचीही गरज पडत नाही. तिच्यावर दुसरी रेघ ओढता येते.

हा क्रमांक समजून घेण्यास आपल्या पिनकोडचा चांगला उपयोग होतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात पिनकोड सुरू झाला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. एकच नाव असलेली दहा-दहा गावे आणि निरनिराळ्या लिपींत लिहिलेले पत्ते यांतून पत्राला वाट काढून देण्यासाठी त्यांनी सहा अंक पुरेसे ठरविले. मुंबईच्या आयआयटीचा पिनकोड ४०००७६. त्यातील चाराचा अंक पाहताच पत्र पश्चिमेच्या विभागात जायचे हे दिल्लीतल्या टपाल वेगळे करणाऱ्याला कळते. एकाने आरंभ होणारे पत्र उत्तरेकडचे. पुढचे अंक पाहत गेले की पत्र जिल्ह्याच्या आणि मग टपाल कार्यालयाच्या जवळ येत जाते.

मॅक पत्त्यातही सहा घरे आहेत. पहिल्या तीन जोड्या एक गोष्ट सांगतात आणि शेवटच्या तीन दुसरी. साम्य मात्र येथेच संपते. पहिल्या तीन जोड्या सांगतात त्या निर्मात्याचे नाव. यंत्र कोठे आहे याविषयी त्या एक शब्दही बोलत नाहीत. शेवटच्या तीन जोड्या म्हणजे त्या निर्मात्याने दिलेला अनुक्रमांक. एका निर्मात्यास मिळालेल्या एका संचात १ कोटी ६७ लाखांहून अधिक अनुक्रमांक बसतात. म्हणजे नागपूरचा संगणक आणि नोएडाचा संगणक यांचे पत्ते शेजारशेजारचे असू शकतात, कारण ते एकाच कारखान्यातून एकामागून एक बाहेर पडले. असल्या पत्त्यावरून दूरदेशी पत्र कसे पोहोचणार? ते पोहोचतही नाही. दूरच्या प्रवासासाठी आयपी पत्ता निराळा असतो आणि जागा बदलली की तो बदलतो. मॅक पत्त्याचा अंमल फक्त आपल्या गल्लीपुरता. घरातील राउटरपर्यंत तो पाकिटाच्या बाहेरच्या वेष्टनावर असतो. राउटर ते वेष्टन फाडून टाकतो आणि पुढच्या टप्प्यासाठी नवे चढवितो. मुंबईतील एखाद्या संकेतस्थळाला दिल्लीतील आपला मॅक पत्ता त्या पाकिटावर दिसतच नाही, तो एवढ्यासाठी.

मग इतका लांबलचक क्रमांक कशासाठी? याच्या इतिहासात पवईचा संबंध आहे, आणि तो मला फार कुतूहलाचा वाटतो. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने ती उभी केली. त्या पहिल्या जाळ्यात यंत्राचा पत्ता अवघा आठ बिटांचा होता. म्हणजे एका जाळ्यात फार तर अडीचशे यंत्रे. जाळी वाढू लागली, यंत्रे एका जाळ्यातून दुसऱ्यात जाऊ लागली, तेव्हा हा हिशेब तोकडा पडला. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या इथरनेटच्या नियमावलीत पत्ता ४८ बिटांचा झाला. तो तेवढा का असावा याचे विवेचन करणारा निबंध १९८१ साली योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी लिहिला. हे दलाल मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर, १९७२ सालचे. पिनकोडचे आणि त्यांच्या पदवीचे वर्ष एकच, हा निव्वळ योगायोग. पण एकाने पत्राच्या पत्त्याचा विचार केला आणि दुसऱ्याने यंत्राच्या. ४८ बिटांत २८१ लाख कोटींहून अधिक पत्ते मावतात. जगातील कोणतेही यंत्र कोणत्याही जाळ्यात नेऊन बसविले तरी शेजाऱ्याशी नामसाधर्म्य होऊ नये, एवढाच या विपुलतेचा हेतू. यंत्राच्या मालकाची ओळख पटविणे हे काम त्या क्रमांकाकडे कोणी सोपविलेले नव्हते.

आता बदलण्याविषयी. कारखान्याने दिलेला क्रमांक जोडणीच्या भागातील कायम स्मृतीत लिहिलेला असतो. यंत्र सुरू होताना तो तेथून वाचला जातो आणि कामाच्या स्मृतीत ठेवला जातो. पुढे पाकिटावर जे लिहिले जाते ते या दुसऱ्या प्रतीवरून. ती जोडणी क्षणभर बंद करावी, प्रतीत दुसरा क्रमांक लिहावा आणि जोडणी पुन्हा चालू करावी, की यंत्र नव्या पत्त्याने बोलू लागते. विंडोज प्रणालीत ही सोय पुष्कळदा नेटवर्क कार्डाच्या प्रगत मांडणीतच दिलेली असते. लिनक्समध्ये दोन-तीन आज्ञांचे काम. मूळ क्रमांक जागच्या जागी शाबूत असतो.

ही युक्ती चोरट्यांनी शोधून काढलेली नाही. डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकन कंपनीची डेकनेट नावाची जाळी होती. तीत सामील होणारे प्रत्येक यंत्र आपला कारखान्याचा पत्ता बाजूला ठेवून एए-००-०४-०० असा आरंभ असलेला नवा पत्ता धारण करीत असे आणि शेवटच्या दोन जोड्यांत त्या जाळ्यातील आपला क्रमांक घालीत असे. पुढे आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने प्रमाणके लिहिली, तेव्हा पत्त्याच्या पहिल्याच जोडीत एक बिट याकरिता राखून ठेवले. पहिल्या जोडीतील दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता कारखान्याचा नव्हे, स्थानिक पातळीवर ठरविलेला, असे समजावे. बदलाला जागा नियमानेच ठेवली आहे.

सामान्य गृहस्थाला हा बदल करण्याची वेळ येते ती बहुधा ब्रॉडबँडच्या कृपेने. दिल्लीच्या आसपास गल्लीगल्लीतून केबल टाकणारे काही पुरवठादार ग्राहकाच्या राउटरचा पत्ता आपल्या वहीत नोंदवून घेतात आणि त्याच पत्त्याला जोडणी देतात. नोएडात राहणारे माझ्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. विजेच्या लपंडावात त्यांचा राउटर जळला, त्यांनी नवा आणला, आणि मासिक वर्गणी भरलेली असूनही दोन दिवस जोडणी मिळेना. पुरवठादाराचा माणूस फोन उचलीना. शेवटी शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने जळालेल्या राउटरच्या तळाशी चिकटविलेला क्रमांक वाचून नव्या राउटरच्या मांडणीत भरला. राउटरमध्ये ‘मॅक क्लोन’ नावाची सोय याच कामासाठी असते. जोडणी तत्काळ सुरू झाली. यात कोणाची फसवणूक झाली नाही. परंतु पुरवठादाराच्या वहीची किंमत किती, हे त्या मुलीने दोन मिनिटांत दाखवून दिले. एक मात्र सांगून ठेवतो. एकाच जाळ्यात दोन यंत्रांनी एकच पत्ता धारण केला, तर पाकिटे कधी एकाकडे, कधी दुसऱ्याकडे जातात आणि दोघांचेही काम अडते. तो राउटर जळून गेला होता, म्हणूनच हे साधले.

पत्ता बदलण्याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. फोन खिशात असतानाही ओळखीचे वायफाय आसपास आहे का, हे हाका मारून पाहत असतो, आणि पूर्वी तो प्रत्येक हाकेबरोबर आपला खरा पत्ता सांगत असे. २०१३ साली लंडनच्या रस्त्यांवरील काही कचरापेट्यांत जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या फोनचे असे पत्ते टिपणारी यंत्रे बसविल्याचे उघडकीस आले आणि तेथील नगरप्रशासनाने ती बंद करावयास लावली. कचरापेटीनेही आपल्या येण्याजाण्याची नोंद ठेवावी, ही कल्पना कोणालाही अस्वस्थ करील. २०१४ पासून आयफोनमध्ये अशा हाकांसाठी बनावट पत्ता वापरला जाऊ लागला. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून निरनिराळ्या वायफायसाठी निरनिराळा पत्ता वापरण्याची सोय मुळातच चालू असते. म्हणजे ज्यांना हा विषय ठाऊकही नाही, असे लक्षावधी लोक आज मेट्रोच्या डब्यात बसून आपला हार्डवेअर पत्ता बदलीत आहेत. मोबाईलचा आयएमईआय क्रमांक ही गोष्ट वेगळी. त्यात फेरफार करणे आपल्याकडे दंडनीय आहे. या दोहोंत गल्लत करू नये. तसेच परक्याच्या जाळ्यात शिरण्यासाठी मॅक पत्ता उसना घेतला, तर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाची कलमे ४३ आणि ६६ आहेतच. तेथे अपराध ठरतो तो परवानगीवाचून केलेला प्रवेश.

आमच्या कार्यालयीन जगात अद्याप अशी समजूत आढळते की, सर्व यंत्रांचे पत्ते एका तक्त्यात नोंदविले आणि बाकीच्यांना मज्जाव केला की जाळे सुरक्षित झाले. तक्ता असावा, कोणते यंत्र कोणत्या खोलीत आहे हे कळण्यास तो उपयोगी पडतो. पण त्याला हजेरीपटाचे महत्त्व देऊ नये. ज्याला माणूस ओळखावयाचा आहे त्याने संकेतशब्द, प्रमाणपत्र अशी माणसाशी किंवा खात्याशी बांधलेली खूण मागावी. ८०२.१एक्स हे प्रमाणक त्यासाठीच आहे.

पत्त्यालाच माणूस समजण्याची किंमत केवढी असू शकते, हे २००८ साली महाराष्ट्राने पाहिले आहे. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटे आधी धमकीचा ईमेल निघाला होता. तपास आयपी पत्त्याच्या आधाराने नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरापर्यंत येऊन ठेपला. तेथे राहणाऱ्या परदेशी गृहस्थाचे वायफाय संकेतशब्दाविना उघडे होते आणि ते भलत्यानेच वापरले होते. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला आमच्या दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ईमेल चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या वायफायवरून पाठविल्याचे निष्पन्न झाले. पुढे २००९ साली दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना काढल्या. आयपी पत्त्याने पोलीस दारापर्यंत पोहोचले. दाराच्या आत, राउटरच्या नोंदवहीत, फार तर पाहुण्या यंत्राचा मॅक पत्ता सापडावा, आणि तो खरा असेल याची हमी कोणी द्यावी? माग काढण्यास तो दुवा जरूर घ्यावा, त्याला इतर पुरावे जोडावेत. पण एकट्या त्याच्या जोरावर कोणाच्या दारी बेड्या घेऊन जाऊ नये.

घरी गेल्यावर आपल्या फोनच्या मांडणीत वायफायची माहिती उघडून पाहा. पहिल्या जोडीतील दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई दिसले, तर कारखान्याने दिलेला क्रमांक आत झाकलेला आहे. आणि मग त्याच मांडणीतून राउटरचा संकेतशब्द कधी बदलला होता तेही आठवून पाहा. सानपाड्याच्या त्या घराला तो नव्हता.