ट्रॅक्टरचे पॉवर स्टिअरिंग : हंगामापूर्वी तपासणी करा

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, हळद-कुंकू लावतो, हार घालतो. पुढे थोड्याच दिवसांत उसाच्या ट्रॉल्या जोडून तो रस्त्यावर उतरतो. त्या पूजेच्या दिवशीच अर्धा तास काढून पॉवर स्टिअरिंग तपासावे, हे सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

पॉवर स्टिअरिंगमध्ये चाके वळविण्याचा जोर हाताचा नसतो, तेलाचा असतो. इंजिनवर चालणारा पंप तेल दाबाने पुढे ढकलतो. आपण स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवू, त्याप्रमाणे ते पुढच्या अ‍ॅक्सलवरील सिलिंडरमध्ये जाते आणि चाके वळतात. ही यंत्रणा बंदिस्त आहे. तेल वारंवार कमी होत असेल, तर ते कोठेतरी गळत आहे असे समजावे. नुसते तेल ओतत राहणे हा उपाय नव्हे.

तपासणीसाठी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, चाके सरळ ठेवावीत, इंजिन बंद करून हँडब्रेक लावावा. झाकणाभोवतीची माती पुसून मगच टाकी उघडावी. तेल खुणेपर्यंत असावे. काही ट्रॅक्टरना स्टिअरिंगची स्वतंत्र टाकी असते, तर काहींत गिअरपेटीचेच तेल वापरले जाते. म्हणून तेल माहितीपुस्तिकेत सांगितलेलेच घालावे. ब्रेक ऑईल चुकूनही घालू नये. त्याने सील फुगून खराब होतात. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, फेस असेल तर हवा शिरली आहे असे ओळखावे. काळे पडून जळका वास येत असेल तर तेल व फिल्टर दोन्ही बदलावेत.

आता पाइप पाहा. भेगा, फुगवटा, घासलेली जागा, जोडाजवळ तेलात भिजलेली धूळ, या गळतीच्या खुणा होत. पण इंजिन चालू असताना पाइपवरून हात कधीही फिरवू नका. बारीक छिद्रातून येणारी तेलाची धार डोळ्याला दिसत नाही, पण ती कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी तात्काळ दवाखाना गाठावा व डॉक्टरांना कारण सांगावे. उशिरामुळे बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. गळती शोधण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा.

स्टिअरिंग जड लागले की लगेच पंपाला दोष देऊ नये. आधी पुढच्या टायरमधील हवा पाहावी, मग पुढच्या अ‍ॅक्सलला ग्रीस द्यावे, त्यानंतर तेल व फिल्टर पाहावा. एवढे करूनही फरक पडला नाही तर पंप व सिलिंडर जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यावेत.

टाय रॉडचे जोड तपासण्यास दोघे जण लागतात. एकाने इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने बाजूला सुरक्षित उभे राहून जोड पाहावेत. दांडा हलतो पण चाक मागाहून हलते, असे दिसल्यास जोड झिजला आहे. तो बदलल्याशिवाय ट्रॉली जोडू नये.

तेल बदलल्यावर यंत्रणेत हवा राहते. इंजिन मंद चालवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश काही वेळा फिरवावे व तेलाची पातळी पुन्हा पाहावी. मात्र टोकाला नेऊन दाबून धरू नये. त्याने तेल तापते व पंप झिजतो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्याची सवय काही चालकांना आहे. इंजिन थांबले की पंप थांबतो आणि स्टिअरिंग एकदम जड होते. मागे भरलेली ट्रॉली, पुढे वळण, आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी वळत नाही, अशी वेळ येते. वाचलेल्या थेंबभर डिझेलची किंमत तेव्हा कळते. उतारावर इंजिन चालू आणि ट्रॅक्टर गिअरमध्येच ठेवावा. ही सूचना आपल्या घरातील मुलांना आणि चालकालाही आवर्जून द्यावी.

यंदा हार घालण्यापूर्वी टाकीचे झाकण उघडून पाहा, एवढीच विनंती.