'पिक' आणि 'अप'



समजा, जबलपूरच्या सदर बाजारातल्या कॉफी हाउसपाशी उभ्या असलेल्या भाचीचा मोबाइलवर निरोप आला, 'मामा, पिक मी.' मामा इंग्रजीचे पक्के असतील तर विचारतील, 'अगं, कशासाठी निवडू तुला?' कारण नुसतं 'पिक' म्हणजे निवडणं, वेचणं. तिला म्हणायचं होतं 'पिक मी अप', म्हणजे 'मला घ्यायला या.' एवढंसं 'अप' गळलं आणि अर्थ पालटला.

इंग्रजीत अशी जोडक्रियापदं शेकड्यांनी आहेत, आणि सुट्या शब्दांची बेरीज करून त्यांचा अर्थ नेहमी लागतोच असं नाही. पडलेला रुमाल उचलला, तो 'पिक अप'. दिवाळी तोंडावर आली की सदर बाजारातला धंदा जोर धरतो, तेही 'पिक अप'. वर्गात न बसता, गिऱ्हाइकांशी बोलता बोलता दुकानदाराला नवी भाषा येते, तेही तेच. आणि या घडीला तुमचा रेडिओ माझा आवाज पकडतोय, त्यालाही हेच क्रियापद!

यात बिचकण्यासारखं काही नाही. आपली 'उचल' पाहा. मजूर मालकाकडून उचल घेतो, जुनं दुखणं उचल खातं, रास्त मागणी लोक उचलून धरतात. संगत बदलली की अर्थ बदलतो. 'सदर' शब्दाचंही तसंच: वाड्याची सदर वेगळी, वर्तमानपत्रातलं सदर वेगळं आणि आपल्या छावणीचा सदर बाजार वेगळा. हिंदीच्या शेजारामुळे जबलपुरात आपण फोन 'उठवतो', पुण्याचा पाहुणा तो 'उचलतो'. इंग्रजीत दोन्हींना 'पिक अप'च.

एक गोष्ट मात्र सांभाळायची. 'पिक अप द बॅग' म्हणा किंवा 'पिक द बॅग अप', दोन्ही चालतं. पण बॅगेच्या जागी 'इट' आलं की ते मधेच बसतं: 'पिक इट अप'. 'पिक अप इट' चूक.

यातून इंग्रजीत बनलेलं नामही मराठीनं उचललंय. चढावर दम टाकणाऱ्या स्कूटरला 'पिकअप नाही', आणि भाजी वाहणारी छोटी गाडी म्हणजे 'पिकअप'.

तेव्हा वहीत 'अप म्हणजे वर' एवढंच लिहून थांबू नका. ऐकलेलं अख्खं वाक्य लिहा, आणि त्याच दिवशी एकदा तरी बोलून पाहा. आणि मामा, आता निघा. भाची अजून कॉफी हाउसपाशीच उभी आहे.